डाळिंबी ठिपक्याच्या गोगलगायी

काकांना बागेची आवड कधीच नव्हती. त्यांना शेजारच्या डॉक्टरांची नावड होती, आणि ती चांगली मुरलेली होती.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. दातांच्या डॉक्टरला नुसतं 'डॉक्टर' म्हणावं का, याबद्दल काकांचं एक ठाम मत होतं; ते त्यांना कोणी विचारत नसे, ही गोष्ट वेगळी. दोघांची घरं एकमेकांना खेटून होती आणि मागच्या अंगणांच्या मधे छातीएवढी भिंत. डॉक्टर वयाने काकांपेक्षा मोठे. पण सगळी गल्ली त्यांना डॉक्टर म्हणायची आणि यांना काका. खुद्द डॉक्टरही केसांना कलप लावून भिंतीवरून हाक मारायचे, "काय काका, आज सुट्टी वाटतं?" स्वतःपेक्षा थोरल्या माणसाचा काका होणं हे किती जिव्हारी लागतं, ते ज्याला लागतं त्यालाच ठाऊक.

तरी काकांनी हे सगळं पोटात घातलं होतं. एका सकाळी भिंतीवरून टोमॅटोचं एक वाडगं आलं आणि पोटातलं ओठावर आलं.

काकूंनी एक टोमॅटो चिरला, मीठ भुरभुरवलं, फोड तोंडात टाकली आणि चक्क डोळे मिटले.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "काय हात आहे हो त्या माणसाचा!"

काका हातातला पेपर तसाच धरून बसले. हात त्यांनाही होते. सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात ते हेडक्लार्क होते. येणारा प्रत्येक कागद आणि जाणारा प्रत्येक कागद त्यांच्या हाताखालून खूण होऊन पुढे जायचा. पण त्या हातावर इतक्या वर्षांच्या संसारात काकूंनी कधी डोळे मिटले नव्हते.

"बाजारात मिळतात तसेच तर आहेत," काका म्हणाले.

"बाजारातल्यांना ही चव कुठली? डॉक्टर औषध मारत नाहीत, विकतचं खत घालत नाहीत. सगळं नैसर्गिक."

"त्यात काय मोठंसं! मीही करीन."

"करा की," काकू म्हणाल्या. जिन्यातला दिवा काका स्वतः बदलणार होते, तेव्हाही त्यांनी याच आवाजात 'करा की' म्हटलं होतं. जिन्यात अजून अंधारच होता.

"करीनच," काका उठून उभे राहिले. "आणि डॉक्टरांपेक्षा जास्त नैसर्गिक करीन."

आता नैसर्गिकापेक्षा जास्त नैसर्गिक म्हणजे काय, हा प्रश्न कोणाही शहाण्या माणसाला पडला असता. काकांना तो पडला नाही, कारण मत्सराला प्रश्न पडत नाहीत. त्यांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर करून टाकलं: विष नाही, विकतचं खत नाही, नळाचं ताजं पाणी नाही, भाज्या धुतलेलं तेवढं चालेल. आणि त्यांच्या बागेत मुंगीच्या केसालाही धक्का लागणार नाही. मुंगीला केस असतात का, असं काकूंनी विचारलं. काकांनी ताट पुढे ओढलं.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. समोरच्या घरातले निवृत्त पोस्टमास्तर दुसऱ्याच दिवशी चहाला आले. हयातभर ते टपाल वाटत आले होते. आता सल्ले वाटायचे, आणि तेही घेणाऱ्याने मागितले नसताना, थेट दारात आणून. त्यांच्या स्वतःच्या घरी एकच झाड होतं. ते प्लॅस्टिकचं होतं आणि ते त्याच्यावरची धूळ झटकत.

"खड्डा खणा," पोस्टमास्तर म्हणाले. "ओला कचरा टाका, झाकण ठेवा आणि विसरून जा. बागकाम म्हणजे विसरणं."

काकांनी खड्डा खणला. कंबर धरली. पण विसरणं काही जमेना. आवक झालेला माल पुढे सरकला की नाही, हे पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे; सकाळ-संध्याकाळ ते झाकण उघडून आत डोकावायचे. शिवाय भिंतीपलीकडे डॉक्टरांचं खत चहाच्या पुडीसारखं भुरभुरीत, काळं झालेलं दिसत होतं. ते बघून काकांनी आपला वेग वाढवला. घरची सालं पुरेनात म्हणून शेजाऱ्यांची मागून आणली, भाजीवालीकडची नासकी पानं पिशवी भरून आणली.

"काका, मधे मधे कोरडा पाला घाला हं," डॉक्टर भिंतीवरून म्हणाले. "नाहीतर वास सुटेल."

डॉक्टरांनी सांगितलं म्हणूनच काकांनी पाला घातला नाही.

वास सुटला. साधासुधा नाही, खिडकी लावली तर तो दाराने यायचा. काकू नाकाला पदर लावून स्वयंपाक करू लागल्या, हे काकांना वासापेक्षा जास्त लागलं. मग एक दिवस नगरपालिकेचे आरोग्य निरीक्षक दारात उभे राहिले.

"तक्रार आलीय," निरीक्षक म्हणाले.

"कोणाची?"

"नाव गुप्त ठेवतो आम्ही." एवढं बोलून त्यांनी समोरच्या पोस्टमास्तरांना हात हलवला. पोस्टमास्तर घाईघाईने आत गेले.

"अहो, पण ओला कचरा घरीच जिरवा असं तुमचंच खातं सांगतं ना?" काका म्हणाले.

"सांगतं की. त्याबद्दल तुम्हाला अभिनंदनाचं पत्र येईल. आणि वास पसरू देऊ नका असंही आमचंच खातं सांगतं. त्याची ही नोटीस. दोन्हींवर सही माझीच असते."

काकांनी नोटीस हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि त्यांचा चेहरा उजळला. "यावर जावक क्रमांक नाही."

निरीक्षकांनी नोटीस पाहिली. क्रमांक खरंच नव्हता. दोन सरकारी माणसांमधे असा क्षण आला की तिथे बाकीचं जग उरत नाही. निरीक्षकांनी निमूट नोटीस परत घेतली, क्रमांक घालून आणतो म्हणाले. बऱ्याच महिन्यांनी काका जिंकले होते. पण जाता जाता निरीक्षक "खत कसं असायला पाहिजे ते बघून येतो" म्हणून डॉक्टरांकडे शिरले, आणि बाहेर आले ते हातात टोमॅटोची पिशवी घेऊन. काकांच्या विजयाला तिथेच कीड लागली.

डॉक्टर दवाखान्यात गेल्याचं बघून त्यांनी गुपचूप कोरडा पाला घातला. वास गेला, खत झालं, रोपं लागली. रोपांच्या शेजारी झेंडू लावला, मातीवर पालापाचोळ्याचं पांघरूण घातलं. काका ऑफिसातून आले की आधी कपडे न बदलता मागे जाऊन बसत. आणि खरंच, मधल्या रोपाला फुलं आली. बरीचशी गळली, पण एकाचं फळ धरलं. एकच. हिरवं, गोल, लहानशा गोटीएवढं.

काकूही येऊन बघून गेल्या. त्याच दिवशी भिंतीवरून पुन्हा वाडगं आलं, तर त्यांनी ते झाकून ठेवलं.

"हे नाही खाणार?" काकांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"राहू दे. आपला पिकू दे आधी. तो खाईन, मग बघू," काकू म्हणाल्या.

त्या दिवसापासून काकांना दुसरं काही सुचेना. आता तो टोमॅटो नुसता टोमॅटो राहिला नव्हता. त्याची परीक्षा होणार होती, परीक्षक घरातलीच होती आणि तुलना भिंतीपलीकडच्या मालाशी होती.

आणि नेमक्या त्याच वेळी गोगलगायी आल्या.

पहाटे पानांवर चकचकीत ओघळ दिसायचे आणि पानांना खिडक्या पडलेल्या असायच्या. डॉक्टरांनी काय केलं असतं ते विचारायची सोय नव्हती. मारायचं तर नव्हतंच. काका तसं बोलून बसले होते. शेवटी त्यांनी आपल्या नोकरीतलाच तोडगा काढला. ऑफिसात नकोसा माणूस मारत नाहीत, त्याची बदली करतात. काका उजाडता उजाडता उठत, एकेक गोगलगाय हलक्या हाताने उचलून केर भरायच्या सुपलीत ठेवत आणि सुपली भिंतीपलीकडे अलगद रिकामी करत. डॉक्टरांच्या बागेत पाणी भरपूर, पाला भरपूर. बदलीचं ठिकाण चांगलंच होतं.

आता इथे काकांच्या हातून जी चूक झाली ती दुसऱ्या कोणाकडून होणं शक्य नव्हतं. पहिल्या दिवशी सुपली रिकामी केली आणि त्यांना दिवसभर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत राहिलं. चहा गोड लागेना. दुपारी ऑफिसात एका पाकिटावर खूण करताना त्यांच्या लक्षात आलं: आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या हातून काहीतरी खुणेशिवाय बाहेर गेलं होतं. उद्या तीच गोगलगाय परत आली तर ती जुनी की नवी, हे ओळखायचं कसं? त्यांनी घरी येऊन कपाट उघडलं. भाचीच्या लग्नासाठी आणलेली काकूंची डाळिंबी नेलपॉलिश आत तशीच पडून होती. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक गोगलगाय शंखावर एक ठिपका घेऊन बदलीवर गेली. काकांना झोप चांगली लागू लागली.

त्या भागात एक निसर्ग मंडळ होतं. दरवर्षी ते सगळ्यांत चांगल्या विषमुक्त बागेच्या फाटकावर एक लाकडी पाटी लावायचं. मंडळाच्या अध्यक्षबाई मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांचा आवाज निवृत्त झाला नव्हता. त्या फाटकातून आत आल्या की लोक नकळत रांग करत. बाई बागा बघायला निघाल्या, त्यांच्यामागे गल्ली निघाली आणि गल्लीत काकाकाकूही होते. आधी डॉक्टरांची बाग.

"बाई, एक गंमत दाखवतो," डॉक्टर आवाज खाली आणून म्हणाले. "रसायन पूर्ण बंद केलं ना, तर हल्ली या यायला लागल्यात. आधी कधी नव्हत्या."

पाल्यातून एक गोगलगाय संथपणे चालली होती. तिच्या पाठीवर डाळिंबी ठिपका होता.

काकांनी तो लगेच ओळखला.

बाई जागीच थबकल्या. "पुढे जाऊ नका कोणी! हात लावू नका, बुजतील त्या." मग दुरूनच मान तिरकी करून त्यांनी बराच वेळ निरखलं. "इतक्या वर्षांत अशी पाहिली नाही मी. बघा, माती निर्विष झाली की कसे कसे जीव परत येतात!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या, गोगलगायींना त्रास होऊ नये म्हणून हळू. डॉक्टर नम्र झाले. डॉक्टरांना नम्र होणं फार शोभायचं आणि काकांना तेच बघवायचं नाही. आपण स्वतः उचललेल्या, स्वतः रंगवलेल्या, स्वतःच्या सुपलीने पोचवलेल्या गोगलगायींवर तो माणूस मान मिळवत होता, आणि तोंड उघडायची सोय नव्हती. उघडलं असतं तर 'तुम्ही माझ्या बागेत गोगलगायी टाकता होय?' हा प्रश्न आला असता.

काकू वाकल्या. गोगलगायीकडे पाहिलं. मग सावकाश वर काकांकडे पाहिलं. काका झेंडूचं निरीक्षण करू लागले. डॉक्टरांकडे झेंडू नव्हता.

काकांच्या बागेत बाई फार वेळ थांबल्या नाहीत. "प्रयत्न चांगला आहे," म्हणाल्या. हे त्या ज्या मुलींना कमी गुण देत त्यांना म्हणत असणार.

घरी आल्यावर काकू फक्त एवढंच म्हणाल्या, "बाटलीचं झाकण नीट लावत जा. वाळते ती."

काका रात्रभर कूस बदलत राहिले नाहीत, कारण शरमेने त्यांना गाढ झोप लागायची. पण सकाळी मागे गेले तर नवल घडलं होतं. मधल्या वाफ्यात डाळिंबी ठिपके हिंडत होते. एक, दोन, पुष्कळ. बदलीवरची सगळी मंडळी भिंत चढून परत रुजू झाली होती. गोगलगायींना आपल्या जागेची ओढ असते, हे काकांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना चीड यायला हवी होती. उलट त्यांचा ऊर भरून आला. जगात कोणीतरी डॉक्टरांची बाग सोडून त्यांच्या बागेत आलं होतं.

सुपली त्यांनी जागच्या जागी ठेवली.

तिसऱ्या दिवशी भिंतीवर डॉक्टरांचं डोकं दिसलं. कलप जरा उतरला होता. "काका, तुमच्याकडे ठिपक्यावाल्या गोगलगायी दिसल्या का हो?"

"हो, आहेत ना," काका म्हणाले. "आल्या. आपापल्या मनाने आल्या."

"पण मी त्यांच्यासाठी रोज पाला भिजवत होतो..." डॉक्टरांचा आवाज खोल गेला. त्यांचा पडलेला चेहरा काकांनी अगदी निवांत, चहाचे घोट घेत पाहिला. इतका चवदार चहा त्यांनी कधी प्यायला नव्हता.

पोस्टमास्तरांनी ही बातमी दुपारच्या आत बाईंपर्यंत पोचवली. बाई संध्याकाळी आल्या, दाराशी उभं राहून वाफा पाहिला आणि निकाल दिला: प्राणी खोटं बोलत नाहीत. ज्या मातीकडे ते गेले ती माती सरस. पाटी काकांची. रविवारी मंडळाच्या सभासदांना आणि फोटोग्राफरला घेऊन त्या स्वतः येणार होत्या. "आणि तोवर एकही गोगलगाय हलवायची नाही, समजलं?"

"हो बाई," काका म्हणाले आणि मागाहून त्यांना घाम फुटला. टोमॅटो रंग धरत होता.

आठवडाभर काका ऑफिसात जाऊन बसले खरे, पण मनाने वाफ्यातच होते. रोज आल्या आल्या पानं मोजायचे तर खालची गेलेली, मग मधली गेलेली. टोमॅटो मात्र शेंड्याजवळ होता, अजून शाबूत. काकू रोज त्याला बोटाने दाबून बघत. "रविवारी काढू," त्या म्हणाल्या. शनिवारी संध्याकाळी त्यांनी मिठाची वाटी धुऊन पुसून ठेवली, हे काकांनी पाहिलं.

रविवारी अंगण भरलं. बाई पाटी घेऊन आल्या. फोटोग्राफर आडवा पडून कॅमेरा लावू लागला. पोस्टमास्तर सगळ्यांना मागे सरका म्हणत स्वतः पुढे सरकत होते. डॉक्टर हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते काकांना आरशात पाहून चांगलं ओळखीचं होतं. काकांनी खिशातून रुमाल काढून उगीच चेहरा पुसला. त्यांना एवढं सुखावलेलं गल्लीने कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात सगळ्यांत मोठी गोगलगाय खोडावरून वर निघाली.

"श्श्श!" बाई म्हणाल्या. "कोणी हलू नका. खाताना बघायला मिळणार आहे."

ती वर चढली. शिंगं काढून तिने इकडेतिकडे पाहिलं, टोमॅटोवर सरकली आणि त्याच्या लालबुंद गालाला तोंड लावलं.

"आहाहा," सभासद म्हणाले. कॅमेऱ्याचा आवाज झाला.

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू कॅमेऱ्याकडे बघत नव्हत्या, पाटीकडे बघत नव्हत्या, डॉक्टरांकडे तर नाहीच. त्या टोमॅटोकडे बघत होत्या. त्यांच्या हातात मिठाची वाटी होती. आणि काकूंच्या आधी, काकूंच्या डोळ्यांदेखत, त्यांचा पहिला घास ती गोगलगाय खात होती.

आजवर काकांनी डॉक्टरांचा हेवा केला होता, त्यांच्या खताचा केला होता, निरीक्षकांच्या पिशवीचा केला होता. पण या गोगलगायीचा जो हेवा त्यांना वाटला तो कशातच मोजता आला नसता. ते दोन ढांगांत वाफ्यात शिरले.

"हात लावू नका!" बाई ओरडल्या.

"लावणार!" काका ओरडले. बाईंना आजवर कोणी उलट बोललं नव्हतं. काकांनी गोगलगाय उचलली आणि बाईंच्या नाकासमोर धरली. "ही दुर्मीळबिर्मीळ काही नाही. ही साधी गोगलगाय आहे आणि हा ठिपका माझ्या बायकोच्या नेलपॉलिशचा आहे. मी काढलाय. सगळ्या मी रंगवल्यात आणि मीच डॉक्टरांकडे सोडत होतो. त्या पाटीचं काय करायचं ते करा, पण हा टोमॅटो आमच्या हिचा आहे!"

बाईंनी पर्समधून चष्मा काढला, लावला, ठिपका नखाने खरवडला. थोडा निघाला. "आवरा," त्या सभासदांना म्हणाल्या आणि पाटी काखेत घालून चालू लागल्या. फोटोग्राफर कपडे झटकत उठला. पोस्टमास्तर सगळ्यांच्या पुढे होते; त्यांना आता घरोघरी जायचं होतं.

डॉक्टर तेवढे थांबले होते. "म्हणजे तुम्ही... माझ्या बागेत?" ते म्हणाले. काकांनी मान खाली घातली. पण डॉक्टरांचं लक्ष तोवर काकूंकडे गेलं होतं.

काकूंनी टोमॅटो खुडला. गोगलगायीने कुरतडलेला तुकडा नखाने काढून टाकला, उरलेल्यावर मीठ भुरभुरवलं आणि वाफ्यातच उभ्या राहून खाल्ला. डोळे मिटले नाहीत. उघड्या डोळ्यांनी, घाईघाईने, रस मनगटावर ओघळत असताना, कोणी मागेल की काय अशा भीतीने त्यांनी तो संपवला. मग बोटं चाटली.

"मला?" काका म्हणाले. "एक फोडसुद्धा नाही?"

"नाही," काकू म्हणाल्या. "तुम्हाला पाहिजे तर डॉक्टरांच्यातले आहेत घरात. ते खा."

डॉक्टर आपल्या फाटकाकडे वळले. काका वाफ्यात उभे होते. पाटी गेली होती, गल्लीत तोंड दाखवायची सोय उरली नव्हती आणि पोटात भूक होती. मग ते खाली बसले आणि उरलेल्या रोपांना भाज्या धुतलेलं पाणी घालू लागले.